ऐकणारा सदरा, आठवणारी तार!

दोस्तांनो, एक गंमत सांगू?

२०२५ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. लखनौचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळातून नुकतेच परतले होते. पलंगावर बसून लॅपटॉपवर काम करत होते. काम संपलं. त्यांनी लॅपटॉप मिटला, पलंगाच्या बाजूला हवेतच ठेवला आणि हात सोडला!

धप्प!

लॅपटॉप थेट जमिनीवर! नशीब, खाली गालिचा अंथरलेला होता.

असं का बरं केलं त्यांनी? अहो, सवय! अंतराळ स्थानकात त्यांनी १८ दिवस काढले होते. तिथे वस्तू हवेत सोडली की ती तरंगत राहते. चमचा तरंगतो, पेन तरंगतं, माणूससुद्धा तरंगतो! परत आल्यावर तर त्यांना हातातला मोबाइलही जड वाटला.

आता विचार करा. इतक्याशा दिवसांत हाताची सवय बदलली. मग आतल्या हाडांचं काय होत असेल? हृदयाचं काय? आणि तिथे कुणाला बरं वाटेनासं झालं, तर ते कळणार कसं?

आपल्याला घरी जरा कणकण आली की काय होतं? आई जवळ येते. कपाळावर हात ठेवते. "अगंबाई, अंग तापलंय की!" लगेच पांघरूण येतं, गरम गरम मऊ भात येतो.

म्हणजे आई दोन कामं करते. एक, ओळखते. दोन, उपाय करते. तेही आपण काही सांगायच्या आधी!

अंतराळात आई नाही. पण ही दोन्ही कामं अंगातल्या कपड्यांनीच केली तर? अशा कपड्यांच्या मागे शास्त्रज्ञ कधीपासून लागले आहेत. चला, जाऊ त्यांच्या प्रयोगशाळेत!

सतत पडत राहणारं घर

आधी सांगा, अंतराळवीर तरंगतात का?

"तिथे गुरुत्वाकर्षण नसतं!" असं म्हणालात ना? चूक! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून फक्त ४०० किलोमीटरच्या आसपास उंचीवर फिरतं. तिथेही पृथ्वी चांगलीच ओढते.

मग गंमत काय आहे? ते स्थानक सतत पडत असतं! पण त्याच वेळी ते तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढेही धावतं. म्हणून ते जमिनीवर आदळत नाही, पृथ्वीभोवती गोल गोल पडत राहतं.

जत्रेत आकाशपाळण्यात बसलात कधी? पाळणा वरून खाली येताना पोटात कसा गोळा येतो! अंग क्षणभर हलकं होतं. अंतराळवीरांचा तो क्षण संपतच नाही. दिवसभर, रात्रभर, महिनोन्‌महिने!

एवढ्या वेगामुळे त्यांना २४ तासांत १६ वेळा सूर्योदय दिसतो. सांगा, शाळेची घंटा कोणत्या सूर्योदयाला वाजवायची?

शरीराची उडते धांदल!

आपलं शरीर फार काटकसरी आहे बरं का! जे लागत नाही, ते ते सांभाळत बसत नाही.

अंतराळात पायांवर भार नसतो. मग हाडांना वाटतं, आता कशाला एवढं मजबूत राहायचं? काही हाडं महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात. म्हणूनच अंतराळवीर रोज जवळजवळ दोन तास व्यायाम करतात. रोज म्हणजे रोज! कंटाळा आला म्हणून दांडी मारायची सोय नाही.

रक्त आणि अंगातलं पाणी वर, डोक्याकडे सरकतं. चेहरा पुरीसारखा टम्म फुगतो आणि पाय होतात काडीसारखे!

आणि उंची? ती चक्क वाढते! पाठीच्या मणक्यांवरचा भार गेला की पाठ सैलावते, लांबते. कधी कधी तर उंची ३ टक्क्यांपर्यंत वाढते. तुम्ही १४० सेंटीमीटर असाल, तर ४ सेंटीमीटर जास्त! पण लगेच हुरळून जाऊ नका. पाठ दुखते आणि पृथ्वीवर आल्यावर उंची पुन्हा होती तेवढीच!

आता ऐका सगळ्यात नवलाची गोष्ट. अंतराळात माणसाचं अंग आतून तापतं!

शास्त्रज्ञांनी अंतराळवीरांच्या कपाळावर एक चिमुकला तापमापक लावला. हो, कपाळावरच! आई हात ठेवते ना, अगदी तिथेच. २०१७ मध्ये त्यांनी जगाला सांगितलं की अंतराळात गेल्यावर पुढच्या अडीच महिन्यांत शरीराचं आतलं तापमान हळूहळू सुमारे १ अंश सेल्सिअसने चढतं. व्यायाम करताना तर ते ४० अंशांच्याही वर जातं!

कशामुळे? चहाच्या कपाकडे बघा. गरम वाफ वर निघून जाते. अंतराळात 'वर' असं काही नसतंच. त्यामुळे गरम हवा अंगाभोवती गोधडीसारखी लपेटून बसते. घामही टपटप गळत नाही. जिथे आला तिथेच चिकटून राहतो. मग अंग गार होणार कसं?

सगळं ऐकणारा सदरा

एकदा स्थानकात एक वेगळीच गोष्ट घडली. प्रयोगासाठी एका अंतराळवीराच्या मानेची सोनोग्राफी चालू होती. पोटात बाळ कसं आहे ते बघतात ना, त्याच तपासणीसारखी. आणि काय दिसलं? मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी!

त्या अंतराळवीराला काहीसुद्धा दुखत नव्हतं. प्रयोग नसता, तर कळलंच नसतं! पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी सल्ला दिला, स्थानकात होती ती औषधं पुरवून पुरवून वापरली आणि सगळं नीट पार पडलं.

म्हणूनच दुखायला लागेपर्यंत थांबून चालत नाही. कुणीतरी सतत लक्ष ठेवायला हवं. पण दिवसभर अंगाला वायरी चिकटवून कोण हिंडणार?

मग कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी काय केलं, माहीत आहे? त्यांनी सदराच पाठवला! बिनबाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा. बनियनच म्हणा ना! सोबत कपाळावर बांधायची पट्टी. या जोडीचं नाव 'बायो-मॉनिटर'. २०१९ च्या जानेवारीत डेव्हिड सां-जाक या कॅनडाच्या अंतराळवीराने तो स्थानकात घालून बघितला.

हा सदरा काय काय ऐकतो? हृदयाचे ठोके. श्वास. त्वचेचं तापमान. रक्तदाब. रक्तातला ऑक्सिजन. तुम्ही हालचाल किती करता, तेही! सलग दोन दिवस! झोपलात तरी त्याचं ऐकणं चालूच!

पण कापड ऐकतं कसं?

आपलं हृदय धडकतं तेव्हा दर ठोक्याला अगदी इवलीशी वीज तयार होते. ती त्वचेपर्यंत पोचते. ती टिपायची तर धागा विजेला वाट देणारा हवा. साधा सुती धागा वीज नेत नाही. पण धाग्यावर चांदीचा पातळ थर चढवला तर? नेतो की! आजीच्या जुन्या पैठणीची जर आठवा. तिच्यातही चांदीची तार असते. आजीची जर मिरवायला, अशा सदऱ्यातली चांदी ठोके ऐकायला!

आणि श्वास? एक हात छातीवर ठेवा, दुसरा पोटावर. आता घ्या मोठ्ठा श्वास! दोन्ही हात पुढे सरकले ना? सदऱ्यातही छातीशी आणि पोटाशी एकेक पट्टी असते. श्वास घेतला की पट्टी ताणली जाते, सोडला की सैल होते. किती ताणली, किती वेळा ताणली, त्यावरून श्वासाचा हिशोब!

खडीसाखरेतली वीज

आता तुम्हाला एक गुपित सांगते. जरा जवळ या.

स्वयंपाकघरातला गॅस पेटवायचा लायटर घेऊन या. आईला विचारून हं! त्याला सेल नाही. वायर नाही. तरी दाबला की 'टक्' आणि ठिणगी! कुठून आली वीज?

लायटरच्या आत एक खास खडा असतो. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी त्या खड्यावर ठोसा मारते. खडा दबतो आणि दबला की वीज तयार करतो!

ही युक्ती १८८० मध्ये पॅरिसमध्ये दोन भावांनी शोधली. झाक आणि पिएर क्युरी. त्यांनी वेगवेगळे स्फटिक दाबून पाहिले. ओळखा पाहू, त्यांत काय काय होतं? गारेचा स्फटिक होता, पुष्कराज होता आणि चक्क साखर होती! उसाची साखर! म्हणजे प्रसादाची खडीसाखर दाताखाली चावता तेव्हा तिच्यातही चिमूटभर, अगदी कळणारही नाही एवढी, वीज तयार होते!

याहून मोठं नवल पुढेच आहे. १९५७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की आपलं हाडसुद्धा असंच वागतं. दाबलं की थोडीशी वीज! उड्या मारताना तुमच्या पायात इवलीइवलीशी वीज खेळत असते!

आज असाच गुण असलेलं पातळ प्लास्टिकही मिळतं. मनगटावर ठेवलं की नाडीच्या धक्क्याने ते दबतं आणि दर ठोक्याला विजेचा एक इशारा देतं. टक्, टक्, टक्! असे पापुद्रे कपड्यात शिवायचे प्रयोग प्रयोगशाळांत चालू आहेत.

जे साहित्य आजूबाजूचा बदल ओळखतं आणि आपणहून काहीतरी करतं, त्याला म्हणतात 'स्मार्ट मटेरियल'. आपण म्हणू हुशार साहित्य!

खोबरेल तेलाची हुशारी

ओळखणं झालं. आता उपाय!

अंतराळवीर स्थानकाबाहेर कामाला निघतो तेव्हा उन्हातल्या वस्तू सुमारे १२० अंशांपर्यंत तापलेल्या असतात आणि सावलीतल्या शून्याखाली दीडशे अंशांच्या आसपास गारठलेल्या! बाहेर असं आणि जाड पोशाखाच्या आत कामाने घामाघूम!

म्हणून अमेरिकेचे अंतराळवीर आतून एक जाळीदार कपडा घालतात. त्यात सुमारे ९१ मीटर लांबीच्या बारीक नळ्या ओवलेल्या असतात. नळ्यांतून गार पाणी फिरतं. किती गार हवं, ते अंतराळवीर स्वतः एक बटण फिरवून ठरवतो. पंख्याचं बटण फिरवतो ना आपण, तसं!

पण बटण न फिरवता कापडानेच अंग सांभाळलं तर?

न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. थंडीत तेल गोठून पांढरंशुभ्र होतं. उन्हात ठेवलं की वितळतं. वितळताना ते एक काम गुपचूप करतं. आजूबाजूची उष्णता शोषून घेतं! पुन्हा गोठताना तीच उष्णता परत देऊन टाकतं.

म्हणजे हा झाला उष्णतेचा गल्ला! जास्त झाली की टाका, कमी पडली की काढा.

१९८० च्या दशकात नासाच्या मदतीने शास्त्रज्ञांनी अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी हीच युक्ती वापरायचं ठरवलं. मेणासारखा पदार्थ घेतला. त्याचे डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक थेंब कवचात बंद केले आणि ती कवचं कापडात घातली. हात तापला की मेण वितळणार, उष्णता पोटात घेणार. हात गारठला की मेण गोठणार, उष्णता परत देणार. ना सेल, ना बटण, ना कुणाची आज्ञा!

आठवणारी तार

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट!

१९६० च्या सुमाराला अमेरिकी नौदलाच्या एका प्रयोगशाळेत बैठक चालू होती. विल्यम ब्यूलर यांनी निकेल आणि टायटॅनियम मिसळून एक धातू बनवला होता. त्याची एक पट्टी कागदी पंख्यासारख्या घड्या घालून सगळ्यांच्या हातात फिरत होती. वाकवा, दुमडा, तुटत नाही, हे बघायला.

तेवढ्यात एकाला लहर आली. त्याने आपल्या पाइपचा लायटर पेटवून पट्टीखाली धरला.

आणि काय आश्चर्य! घड्या सटासट उलगडल्या! पट्टी सरळ झाली! कुणी हातसुद्धा लावला नव्हता!

त्या धातूचं नाव निटिनॉल. निकेलमधला 'नि', टायटॅनियममधला 'टि' आणि त्या प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावातली तीन अक्षरं जोडून 'नॉल'. झालं बारसं!

त्याला आपला आकार आठवतो कसा? पी.टी.चा तास आठवा. सर म्हणतात, "विश्राम!" मुलं थोडी सैल होतात, कलतात. पण जागा कुणी सोडत नाही. सर ओरडतात, "सावधान!" की सगळी रांग पुन्हा ताठ! निटिनॉलमधले अणू असेच आहेत. गार असताना ते विश्राममध्ये असतात, तेव्हा तार कशीही वाकवा. ऊब मिळाली की, सावधान! सगळे आपापल्या जुन्या रांगेत आणि तार जुन्या आकारात!

हिचा अंतराळात काय उपयोग?

स्थानकाबाहेर हवा नाही. अंगावर बाहेरून दाब हवाच, नाहीतर माणूस जगणार नाही. म्हणून आजचे पोशाख हवेने फुगवलेले असतात. फुगवलेले हातमोजे घालून बुटाची नाडी बांधायची म्हणा. किती अवघड! अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या प्राध्यापिका डाव्हा न्यूमन म्हणाल्या, हवेऐवजी घट्ट कापडानेच दाबू या की! पण इतका घट्ट कपडा अंगात चढवायचा कसा?

आठवणाऱ्या तारेनं! २०१४ मध्ये त्यांच्या गटाने अशा तारेच्या छोट्या स्प्रिंगा कपड्यात बसवल्या. आधी कपडा सैल. मजेत घाला. मग तारेला थोडी ऊब द्या. स्प्रिंगा आकसतात, कपडा अंगाला घट्ट मिठी मारतो! हा पोशाख अजून अंतराळात गेलेला नाही. तो प्रयोगशाळेत शिकतोय, तुमच्यासारखाच.

पण या पोशाखाचाच एक धाकटा भाऊ मात्र जाऊन आलाय! खांद्यापासून पायापर्यंत ताण वाढत जाईल असा विणलेला लवचीक पोशाख. तो अंगाला खाली दाबतो, जणू गुरुत्वाकर्षण शिवूनच दिलंय! डेन्मार्कच्या अँड्रियास मोगेन्सन यांनी २०१५ मध्ये तो स्थानकात घालून पाहिला. लांबणाऱ्या पाठीला आवर घालायला!

मंगळ दूर, पण दात जवळ!

उद्या माणूस मंगळावर जाईल. तिथून पृथ्वीवर निरोप पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. "डॉक्टर, पोटात दुखतंय!" असं सांगितलं, तर उत्तर यायला कधी कधी शाळेचा एक अख्खा तास उलटेल! तिथे सदऱ्यालाच आधी कळायला हवं. कपड्यालाच आधी उपाय सुचायला हवा.

पण ही हुशारी फक्त मंगळासाठी नाही हं!

तुमच्या वर्गात कुणाच्या दातांना तार आहे? ती कदाचित निटिनॉलची असेल! तोंडाच्या उबेने ती आपला आकार आठवत राहते आणि वाकड्या दातांना हळूहळू रांगेत आणते. विश्राम, सावधान!

आणि खोबरेल तेलाची ती युक्ती? लवकर जन्मलेली इवलीशी बाळं आपलं अंग गरम ठेवू शकत नाहीत. अशा बाळांसाठी 'एम्ब्रेस' नावाची एक छोटी झोळी तयार झाली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाची पिशवी असते. ती एकदा तापवली की मेण गोठत गोठत बाळाला कित्येक तास ३७ अंशांच्या आसपास ऊब देत राहतं. वीज नसली तरी!

आहे की नाही आईच्या कुशीसारखं?

आता तुमची पाळी! एक कापडी पट्टी घ्या. पोटाभोवती अलगद गुंडाळा. जिथे दोन टोकं एकमेकांवर येतात तिथे पेनने खूण करा. आता पोट फुगवून मोठ्ठा श्वास घ्या. खूण सरकली? किती सरकली? पायऱ्या चढून आल्यावर एका मिनिटात किती वेळा सरकते? वहीत लिहून ठेवा.

बघा, तुमच्या श्वासाकडे लक्ष देणारं कापड तुम्हीच बनवलंत! आता त्याला पुढे काय ओळखायला शिकवाल?